आमची वाटचाल: बांधावरची मीटिंग

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याला 2009 साली ठिबकचं काम सुरू केलं तेव्हा मी, एक फिटर आणि पाइप कापायची करवत एवढाच पसारा. पुढे इंजिनिअर आला, कृषी पदवीधर आला, हिशेबाला ताई आल्या. माणसं वाढली, पण फर्म एक झाली नाही. "ते डिझाइनवाले", "ते शेतीवाले" ही भाषा आमच्याच ऑफिसात चालायची.

2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी आमचं नाव बुडायला आलं.

एका ग्राहकाची 6 एकर केळी, 5 बाय 5 फुटांची लागवड, म्हणजे दहा हजारांवर झाडं. ट्यूबवेलचा डिस्चार्ज, म्हणजे ती पाणी किती देते, हे इंजिनिअरने जानेवारीत मोजलं आणि दोनच सेक्शन पाडले, म्हणजे एका वेळी अर्धी बाग भिजणार. मेमध्ये पाणी खोल गेलं, मोटर कमी पाणी फेकू लागली, लॅटरलच्या, म्हणजे ओळीतून जाणाऱ्या ठिबकच्या नळीच्या, टोकाला दाब उरला नाही. शेवटच्या ओळी पिवळ्या पडल्या, तर शेतीवाल्याने व्हेंचुरीतून, म्हणजे पाण्यात खत मिसळायच्या नळीतून, खत वाढवलं. मीटिंगा चार झाल्या, चारही वेळा मीच बोललो. फिटरभाऊ दाराशी बसून होते. मोटर तासाभरात हवा धरते, म्हणजे पाण्याऐवजी हवा ओढते, हे त्यांना सालदाराने कधीच सांगितलं होतं. "तुम्ही विचारलं नाही, भाऊ," ते नंतर म्हणाले.

पदरच्या पैशाने दोनाचे चार सेक्शन केले. तोवर शेजारच्या दुकानदाराने त्या बागेचे फोटो गावोगाव फिरवले होते. पाणी खोल गेलंय हे त्यालाही ठाऊक होतं. पाच ग्राहक गेले, आणि ते मला आजही सलतं.

चिनावलचे शेतकरी आबा मात्र पुढच्या लागवडीचा अ‍ॅडव्हान्स घेऊन आले. अट एकच: "तिघांना माझ्या बांधावर आण, आणि तू गप्प बस."

तेव्हापासून मीटिंग फिल्टरपाशी, दाब दाखवणारं प्रेशर गेज डोळ्यांसमोर ठेवून. एका बैठकीत एकच शेत. आधी फिटर, मग शेतीवाला, मग इंजिनिअर, ताई, आणि शेवटी मी. कोण, काय, कधीपर्यंत, हे वहीत. नकाशावर तिघांच्या सह्या झाल्याशिवाय पाइप गाडीत चढत नाही. धंद्यातल्या नव्या पोरांनो, डिस्चार्ज मे महिन्याचाच धरा. आणि मालकाने आधी तोंड उघडलं की बाकीचे माना डोलावतात, एवढं ध्यानात ठेवा.

आता फोनवर आमची माणसं हुद्दा सांगत नाहीत, फर्मचं नाव सांगतात. आबांच्या पंपघरात तो पहिला नकाशा अजून चिकटवलेला आहे. त्यावरची पहिली सही फिटरभाऊंची.