एक माईक पुरे

"बाकीचे काढा, एक माईक पुरे." बँजोवाले आजोबा स्टेजवर चढताच म्हणाले. साउंडवाल्याला पूर्ण भाडं दिलेलं, त्यामुळे मला लागलंच जरा.

नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मदतीसाठी काल ब्लूग्रासचा, म्हणजे बँजो-फिडलवर वाजणाऱ्या अमेरिकन लोकसंगीताचा, कार्यक्रम ठेवला होता.

ज्याची पाळी तो माईकपाशी सरकायचा, वाजवून झालं की खांदा वळवून मागे. फिडलचा (म्हणजे व्हायोलिनचा) गज मॅन्डोलिनवाल्याच्या कानाजवळून जायचा, पण धक्का कुणाला नाही! १९४० च्या दशकात ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोचा बँडही असाच एका माईकभोवती वाजवायचा.

निधी बरा जमला. (चहा-कॉफीचा डबा तिकिटांपेक्षा जड निघाला.)

आता गणपतीत मंडळाला सुचवून बघू? एकाच माईकवर कोण कोण तयार होईल?