अडीच हात लांब, दीड हात रुंद

आमच्या वेळी हिब्रूचा तास शुक्रवारी शेवटचा असे. वर्गात आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंची मुलं, सातच उरलो होतो. बाकीच्यांनी घरं आवरून इस्राएलची वाट धरली होती. जी शाळा हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली आमच्या समाजाच्या मुलांसाठी सुरू केली, तिथे आता बहुतेक मुलं मुसलमान होती. माझा बाकावरचा दोस्तही. त्याचे अब्बा सुतार. हे आधीच सांगतो, कारण त्याच्याशिवाय ही हकिगत पुढे जात नाही.

दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, मशिदीत तोरा या आमच्या धर्मग्रंथातला त्या आठवड्याचा पाराशा, म्हणजे ठरलेला भाग, वाचतात. (सिनेगॉगला, आमच्या प्रार्थनास्थळाला, घरात मशीदच म्हणत.) हिब्रूच्या बाई तो आदल्या दिवशी आमच्याकडून वाचून घेत, आधी हिब्रूत, मग मराठीत. फेब्रुवारीच्या सुमारास ‘तेरुमा’ नावाचा पाराशा येई. तोवर समुद्र दुभंगलेला असे, सिनाय पर्वतावर गडगडाट होऊन दहा आज्ञा मिळालेल्या असत, आणि मग एकाएकी नुसती मोजमापं. रानात उभारायच्या पवित्र मंडपाच्या फळ्या किती, पडदे किती, कड्या किती. सातवीत असताना मी विचारलं, “बाई, यात गोष्ट कुठे आहे?” बाईंनी पुस्तक मिटलं, पीटीच्या सरांकडून फक्कीची पिशवी मागून घेतली आणि आम्हाला मैदानात नेलं.

मंडप तीस हात लांब, दहा हात रुंद. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. पण कोणाचा हात? तिथेच आमचं भांडण जुंपलं. शेवटी बाईंनी दीड फूट ठरवला. पंचेचाळीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद अशी पांढरी चौकट मातीवर उमटली. आत, मागच्या दहा हातांवर आडवी रेघ, तिच्यापलीकडे परमपवित्रस्थान. शंभर हातांचं अंगण मैदानात मावेना. ती चौकट पुसेपर्यंत आम्ही कोणी त्या रेघेवर पाय दिला नाही. तसं सांगितलंही नव्हतं कोणी.

मग बाईंनी पुन्हा पहिली ओळ वाचायला लावली. ज्याच्या मनात येईल त्याने आणावं: सोनं, चांदी, निळं, जांभळं आणि किरमिजी सूत, बकऱ्याचे केस, बाभळीचं लाकूड, दिव्यासाठी तेल. तेलावर त्या थांबल्या. अलिबागकडच्या गावांत आमचे पूर्वज घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. “सोनं आपल्याकडे कधी नव्हतं,” बाई म्हणाल्या, “पण या यादीत आपलं तेल आहे.” आईला हे सांगितलं तेव्हा तिने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि पुन्हा सांगायला लावलं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवायची पेटी, करायला घेतला. अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. बाभूळ कुठून आणणार? दोस्ताच्या अब्बांनी खोक्याच्या फळ्या रंधून दिल्या. दोस्त स्वतः चार कड्या आणि दोन गोल दांडे घेऊन आला, पॉलिश पेपरने घासून इतके गुळगुळीत केलेले की हात सरकावा. सोन्याच्या जागी बेगड. मी बाहेरून चिकटवून मोकळा झालो, तर बाईंनी झाकण उघडलं. “आतूनही.” आत कोण बघणार, असं मी पुटपुटलो. दोस्ताला मात्र सुताराचा प्रश्न पडला: लाकूड आतून-बाहेरून सोन्याने मढवायचं कसं? बाई खूश झाल्या. राशी नावाच्या जुन्या भाष्यकाराने हेच सांगितलंय म्हणाल्या: पेट्या तीन केल्या, एक सोन्याची, तिच्यात लाकडाची, तिच्यात पुन्हा सोन्याची. दोस्त मान हलवत म्हणाला, “हां, असं जमेल.” मग आम्ही दोघांनी आत डोकं घालून, खळीच्या वासात, कोपऱ्याकोपऱ्यात बेगड बसवली.

आज मी इस्राएलमध्ये अश्दोदला राहतो. तेरुमाच्या शब्बाथला ‘वेशाखान्ती बेतोखाम’, म्हणजे ‘मी त्यांच्यामध्ये राहीन’, हे शब्द आले की मला ते मैदान दिसतं. देव ‘त्या मंडपात राहीन’ म्हणत नाही, ‘त्यांच्यामध्ये’ म्हणतो. हा फरक बाईंनी आम्हाला तिथेच, फक्कीच्या चौकटीत उभं करून दाखवला होता.

स्नेहसंमेलनानंतर कोश कपाटात ठेवायचा होता. दांडे आडवे येत होते. शिपाईमामा म्हणाले, दांडे काढा, आरामात बसेल. दोस्तानेही हात घातला. बाईंनी त्याचा हात धरला आणि वाचून दाखवलं: दांडे कोशाच्या कड्यांतच राहावेत, ते काढू नयेत. शेवटी कोश कपाटाच्या वर, तिरका ठेवावा लागला. दहावीचा निकाल घ्यायला आम्ही दोघं गेलो तेव्हा तो तिथेच होता, धुळीने माखलेला, दोन्ही दांडे कपाटाच्या कडेबाहेर आलेले.