ग्रानादाचा बेत: आधी अल्हाम्ब्राची वेळ, मग विमान

स्पेनच्या दक्षिणेतल्या ग्रानादाला लोक जातात ते अल्हाम्ब्रासाठी, म्हणजे टेकडीवरच्या सुलतानी किल्ला-राजवाड्यांसाठी. अल्हाम्ब्रातही जीव आहे तो नासरी घराण्याच्या सुलतानांच्या राजवाड्यांत, आणि तिथलं तिकीट म्हणजे अर्ध्या तासाची ठरलेली वेळ. दर अर्ध्या तासाला साधारण ३०० माणसं आत सोडतात. आपली वेळ हुकली की खिशात कितीही पैसा असो, दाराबाहेरच. आपल्याकडून, म्हणजे यवतमाळ-वाशीम-अमरावतीकडून निघणारे बहुतेक लोक बेत उलटा करतात: आधी विमान, मग हॉटेल, आणि अल्हाम्ब्राचं ‘तिथं गेल्यावर पाहू’. एप्रिल-मेमधल्या वेळा कितीतरी आठवडे आधी भरून जातात. मग बाहेरून भिंती पाहून परत या.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा राजवाड्यांच्या वेळा पाहून तारीख धरा आणि तिकीट काढा. मग फुकटात रद्द होणारी खोली. मग व्हिसा. विमानाचे पैसे सगळ्यात शेवटी. व्हिसाच्या अर्जाला येण्या-जाण्याचं आरक्षण दाखवलं तरी चालतं. व्हिसा नाकारला गेलाच तर बुडतात ते तिकिटाचे माणशी वीसेक युरो. विमानाचं तिकीट बुडण्यापेक्षा हे बरं.

तिकीट अल्हाम्ब्राच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. हुबेहूब दिसणाऱ्या बऱ्याच साइट्स वरचे पैसे लावून तेच विकतात. तिकिटावर नाव आणि पासपोर्ट नंबर असतो, दारावर मूळ पासपोर्ट पाहतात. मोबाइलमधला फोटो दाखवून भागेल या भरवशावर राहू नका. लहान पोरांचं तिकीट फुकट असलं तरी काढावंच लागतं. ‘जनरल’ लिहिलंय का ते नीट वाचा, कारण नुसत्या बागांचं स्वस्त तिकीटही असतं आणि त्यात राजवाडे नसतात. हवा तो दिवस भरला असेल तर रोज साइट उघडून पाहत राहा. रद्द झालेल्या जागा परत येतात. शहरातली इतर स्मारकं जोडलेलं ‘दोब्ला दे ओरो’ तिकीट आणि राजवाड्यांची रात्रीची भेट, हे दोन मार्ग त्यानंतरचे.

महिना कोणता? शेतीवाल्या घराला एप्रिलचा उत्तरार्ध ते मे अखेर सोयीचा. चना-गहू निघालेला असतो, पेरणीला वेळ असतो, आणि ग्रानादात मे महिन्यात दुपारी पंचवीस अंशांच्या आसपास हवा असते. शहर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरवर आहे, त्यामुळे रात्री दहा अंशांपर्यंत उतरतं, स्वेटर लागतोच. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात धार्मिक मिरवणुका असतात, रस्ते बंद होतात आणि खोल्यांचे भाव चढतात. ३ मेला क्रुसांचा सण असतो, चौकाचौकांत फुलांचे क्रूस उभे करतात. पाहण्यासारखा आहे, पण झोपेची आशा सोडून. १९५२पासून चालत आलेला संगीत-नृत्य महोत्सव जून-जुलैत भरतो आणि अल्हाम्ब्रातल्याच पाचव्या कार्लोस राजाच्या राजवाड्याच्या गोल चौकात मैफली होतात. आपल्याकडे तेव्हा नेमकी पेरणीची धांदल. घरी वावर सांभाळणारं कुणी असेल तरच.

आता कागदपत्रं. विदर्भातल्या माणसाचं घोडं अडतं ते इथंच.

महाराष्ट्राचे अर्ज स्पेनच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाकडे जातात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि कमीत कमी १५ दिवस आधी व्हायलाच हवा. निकाल एरवी १५ दिवसांत लागतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो, म्हणून दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. मोठ्यांची फी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांची ४५. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. परतीच्या तारखेनंतरही पासपोर्ट तीन महिने चालू हवा.

कमाई शेतीची असेल तर खात्यात पैसा दर महिन्याला येत नाही; कापूस-तूर विकली की एकदम येतो. अर्ज तपासणाऱ्याला तो ‘अर्जाआधी कुठून तरी आणून भरलेला पैसा’ वाटतो. म्हणून प्रत्येक मोठ्या रकमेसमोर अडत्याची हिशोबपट्टी किंवा बाजार समितीची पावती जोडा आणि सोबतच्या पत्रात तारखेनिशी लिहा: अमुक दिवशी इतके क्विंटल, इतका भाव, इतकी रक्कम. रोख घेऊन एकरकमी भरलेला पैसा सगळ्यात वाईट दिसतो. विक्रीच्या वेळीच खात्यात घ्या. शेतीच्या उत्पन्नावर कर नसला तरी रिटर्न भरा आणि ते करमुक्त उत्पन्न म्हणून त्यात दाखवा. सलग तीन वर्षांचे रिटर्न असले की अर्धं काम झालं.

परत येणार याचा पुरावा म्हणजे सातबारा आणि आठ-अ. डिजिटल सहीचा उतारा काढा, इंग्रजी भाषांतर जोडा. सामाईक खातं असेल तर आपला हिस्सा भाषांतरात स्पष्ट येऊ द्या. नाहीतर पाच भावांची जमीन एकट्याची दाखवल्यासारखी होते. नावांचा घोळ तर घरोघरी: सातबाऱ्यावर ‘रामराव’, आधारवर ‘रामा’, पासपोर्टवर ‘रामचंद्र’. हे तिघं एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. बाईच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला लागेल. अल्हाम्ब्राच्या तिकिटावर मात्र पासपोर्टवरचं नाव, अक्षर न् अक्षर तेच.

बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. आधी शेंगेन व्हिसासाठी (स्पेनसह बऱ्याच युरोपीय देशांना चालणारा हाच व्हिसा) दिले असतील तर ते ५९ महिने चालतात. कापूस वेचून, विळा-कुऱ्हाड धरून बोटं घासलेली असतील तर रेशन दुकानात जसा ठसा उमटत नाही तसाच तिथंही उमटत नाही. आधीचे आठ-दहा दिवस हाताला खोबरेल चोळा आणि जमलं तर वावरातली कामं टाळा. देण्याच्या वेळी मात्र हात कोरडे हवेत.

नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली, तिथून बहुधा आखाती शहरामार्गे माद्रिद किंवा मालागा. माद्रिदहून ग्रानादाला वेगवान रेल्वे २०१९पासून आहे. साडेतीन तासांच्या आसपास लागतात. मालागा विमानतळावरून गाडीनं दीड तास. रात्रभराच्या विमानानंतर मोठी माणसं सोबत असतील तर मालागाच बरं.

पैसा खर्चायचाच आहे तर तो अल्हाम्ब्राच्या भिंतींच्या आत झोपण्यावर खर्चा. तिथं जुन्या सान फ्रान्सिस्को मठात सरकारी ‘पारादोर’ हॉटेल आहे. राणी इसाबेल आणि राजा फर्नांडो यांचे देह १५२१पर्यंत याच मठात होते, मग शहरातल्या राजघराण्याच्या चॅपेलमध्ये हलवले. हंगामात खोली एका रात्रीला ३०० युरोंच्या वर जाते, आणि खोल्या थोड्या म्हणून त्याही महिनोन्‌महिने आधी जातात. संध्याकाळी गर्दी उतरून गेली की किल्ल्याच्या रस्त्यावर मोकळं फिरता येतं, हा यातला खरा फायदा. एक गैरसमज मात्र काढून टाका: इथं राहिलं म्हणून राजवाड्याचं तिकीट मिळत नाही, ते वेगळंच काढायचं. दुसरी चांगली जागा म्हणजे समोरच्या टेकडीवरचं आल्बाइसिन, उंच भिंतीआड बाग असलेली जुनी घरं. पण गल्ल्या गोट्यांच्या, चढाच्या. चाकाची बॅग ओढता ओढता जीव जातो बाप्पा! भाड्याची गाडी घेतली असेल तर हॉटेलला नंबर आधी कळवा. कॅमेरे आहेत, नोंद नसलेल्या गाडीला दंड बसतो.

राजवाड्याची वेळ सकाळी ८.३०ची, म्हणजे उघडतानाची, मिळाली तर सोनं. मुख्य तिकीटघराकडून राजवाड्यांपर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. इथंच लोकांची वेळ हुकते. तिकीट हातात असेल तर ‘पुएर्ता दे ला हुस्तिसिया’ या दरवाजानं शिरा, तो जवळ पडतो. मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत. एकदा आत गेलात की घाई नाही, पण बाहेर पडलात की परत प्रवेश नाही. अल्काझाबा किल्ला आणि हेनेरालिफेच्या बागा त्याच दिवशी नंतर कधीही.

आत पाणी पाहा. १३व्या शतकात दार्रो नदी वरच्या अंगाला अडवून सुमारे सहा किलोमीटरचा पाट डोंगराच्या कडेनं आणला. पंप नाही, निव्वळ उतारावर. ज्यानं वावरात पाट काढून पाणी दिलंय त्याला इथं गाइडपेक्षा जास्त दिसेल. कोमारेस राजवाड्याच्या लांबट हौदाच्या दोन्ही टोकांना जमिनीलगत संगमरवरी गोल ताटली आहे. पाणी तिच्यातून हळू, जवळजवळ बिनआवाज हौदात उतरतं. जोरानं सोडलं असतं तर पृष्ठभाग हलला असता आणि समोरच्या बुरुजाचं प्रतिबिंब मोडलं असतं. पुढे सिंहांच्या चौकात १२ सिंहांवर कुंड आहे, भोवती १२४ खांब. बाजूच्या दालनांतून जमिनीत कोरलेल्या बारीक चऱ्या मधल्या कुंडाकडे येतात. हा चौक सुलतान पाचव्या मुहम्मदाच्या काळातला, १४व्या शतकातला. भिंती खालून वर वाचा: कमरेपर्यंत टाइलचे तुकडे, वर जिप्समचं कोरीवकाम, छत लाकडाचं. जिप्सम हाताच्या घामानंही खराब होतं, बोट लावू नका. नासरींचं हे राज्य २ जानेवारी १४९२ रोजी शेवटच्या सुलतानानं सोडलं.

उरलेल्या शहराला एक दिवस पुरे: राजघराण्याचं चॅपेल, ११व्या शतकातलं एल बान्युएलो हमाम, संध्याकाळी आल्बाइसिनमधला सान निकोलासचा कठडा (समोर अल्हाम्ब्रा दिसतो), रात्री साक्रोमोंते वस्तीतल्या गुहेत फ्लामेंको नाच-गाणं. चढावर सी-३०, सी-३१, सी-३२ आणि सी-३४ क्रमांकांच्या छोट्या बस चालतात.

शाकाहाऱ्यांनी नुसतं ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हणू नये. त्यावर हॅम किंवा टुना घालून देतील, कारण तिथल्या बोलण्यात ते मांसात धरत नाहीत. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’ (मांस नको, हॅम नको, मासे नको) असं तिन्ही म्हणा. उसाची काकवी घातलेली तळलेली वांगी मिळतात, ती खा. तळण्याचं तेल वेगळं आहे का ते विचारून. साल्मोरेखो या थंड सुपावर वरून अंडं आणि हॅम पेरतात, ते काढायला सांगा. रात्रीचं जेवण सहसा साडेआठच्या आधी मिळत नाही. सोबत जवसाची कोरडी चटणी न्या. तूप, पेढे, खवा युरोपात न्यायला बंदी आहे, आणि संत्र्यांना प्रमाणपत्र लागतं, म्हणून नागपुरी पेटी घरीच ठेवा. तिथं रस्त्याकडेला झाडांना लगडलेली संत्री दिसतील. ती कडू जातीची, मुरंब्याची. तोडून तोंड वाकडं करून घेऊ नका.

कार्ड मशिननं ‘रुपये की युरो’ विचारलं तर युरोच दाबा. रुपये निवडले की दर त्यांच्या मर्जीचा. परदेशी टूर पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आपल्याकडून आधीच घेऊन सरकारला भरायचा कर, कापला जातो. तो परत हवा असेल तर त्या वर्षीचं रिटर्न भरा आणि बुकिंग करताना पॅन ज्याचा रिटर्न भरणार त्याचाच द्या.