सान कार्लिनो: अडचणीच्या कोपऱ्यावरचं चर्च

रोममधल्या क्वात्त्रो फोंतानेच्या, म्हणजे ‘चार कारंज्यांच्या’, चौकात उभं राहायला जागाच नाही. फुटपाथ चिंचोळा, गाड्या अगदी अंगाजवळून जातात आणि मान वर करून बघायला लागलं की मागून येणारा माणूस खोळंबतो. चौकाच्या चारही कोपऱ्यांत सोळाव्या शतकाच्या अखेरची कारंजी आहेत: दोन नद्यांच्या मूर्ती आणि जुनो, डायना या दोन देवता. त्यांतलं एक कारंजं ज्या इमारतीच्या कोपऱ्यात बसवलंय, ते सान कार्लो आल्ले क्वात्त्रो फोंताने. रोममध्ये सगळे त्याला सान कार्लिनोच म्हणतात. बहुतेक पर्यटक रस्त्यावरूनच दर्शनी भागाचा फोटो काढतात आणि पुढे निघतात. याचा मला मनापासून राग येतो, कारण या चर्चचं खरं काम आत आहे. शिवाय आत जायला तिकीटही नाही.



हे चर्च ट्रिनिटेरियन संघाच्या स्पॅनिश साधूंचं. युद्धात आणि समुद्रावर कैद झालेल्या ख्रिश्चनांना खंडणी भरून सोडवणं हे या संघाचं मूळ काम, स्थापना ११९८ची. साधूंकडे पैसा बेताचा आणि जागा कोपऱ्यावरची, वेडीवाकडी. १६३४मध्ये त्यांनी वास्तुकार फ्रांचेस्को बोर्रोमिनीला बोलावलं. लुगानो सरोवराकाठी बिस्सोने गावात १५९९ साली जन्मलेला हा माणूस मुळात पाथरवट, व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स या भव्य चर्चच्या बांधकामावर तयार झालेला. स्वतंत्रपणे मिळालेलं हे त्याचं पहिलं काम, आणि त्याने ते मोबदला न घेता केलं. आधी मठ आणि ओवऱ्या, मग १६३८पासून चर्च. १६४१पर्यंत आतलं बांधकाम उरकलं, १६४६मध्ये चर्चचा अभिषेक झाला. दर्शनी भागासाठी मात्र १६६५ उजाडलं.

आत गेल्यावर थेट वेदीकडे जाऊ नका. आधी ओवऱ्यांचं अंगण बघा. बोर्रोमिनी कसा विचार करतो ते तिथे सोप्या शब्दांत कळतं. अंगण इतकं लहान की मधली विहीर आणि भोवतीचे खांब एका नजरेत मावतात. चौकोनी अंगणाला चार कोपरे हवेत, पण इथे एकही नाही. जिथे कोपरा यायचा तिथे भिंत आत अंगणाकडे फुगवलेली आहे, त्यामुळे नजर कुठेही अडकत नाही, गोल फिरत राहते. खांब जोडीजोडीने, एक गाळा रुंद आणि एक अरुंद. कमान फक्त रुंद गाळ्यावर.

वरच्या मजल्याच्या कठड्यापाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळलो. कठड्याचे दगडी दांडे गोल नाहीत, त्यांना तीन बाजू आहेत आणि बाजू आत वळलेल्या आहेत. एका दांड्याचा फुगवटा खाली, त्याच्या शेजारच्याचा वर: तोच दांडा उलटा करून बसवलेला. सगळे सुलटे लावले असते तर फुगवट्यापाशी फट अरुंद आणि मानेपाशी रुंद झाली असती. एकाआड एक उलटल्यामुळे एकाचं पोट दुसऱ्याच्या मानेसमोर येतं आणि मधली फट जवळजवळ सारख्या रुंदीची, किंचित तिरकी चालते. खर्च तेवढाच, घडवायचा नमुना एकच, आणि तरी साधा कठडा हलता वाटतो.

आता चर्चमध्ये या. घुमटाच्या लंबगोलामागची भूमिती कंपास घेऊन कागदावर काढून बघाच. एकाच बाजूवर, पाठीला पाठ लावून, दोन समभुज त्रिकोण काढा. एक समभुज चौकोन तयार होतो. प्रत्येक त्रिकोणात आतून तिन्ही बाजूंना टेकणारं वर्तुळ काढा. मग सामाईक बाजूच्या एका टोकावर कंपासची सुई ठेवा, समोरच्या बाजूच्या मध्याइतकी त्रिज्या घ्या आणि कंस मारा; तसंच दुसऱ्या टोकावरून. हे दोन मोठे कंस वर्तुळांना नेमके त्याच बिंदूंवर भेटतात जिथे वर्तुळं चौकोनाच्या बाहेरच्या बाजूंना टेकलेली असतात, म्हणून सांधा कुठेच दिसत नाही. सुई टोकापासून जरा सरकली की कंस वर्तुळाला छेदून जातो आणि लंबगोलाला कोपरे फुटतात. व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहातल्या बोर्रोमिनीच्या आराखड्यात हे त्रिकोण दिसतात. ट्रिनिटी म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं त्रैक्य. त्या नावाच्या संघाच्या चर्चला त्रिकोणाचा पाया असणं मला फार योग्य वाटतं.

भिंतीलगत सोळा खांब आहेत आणि त्यांच्या डोक्यावरून एकच अखंड कंगणी आतबाहेर वळत सगळ्या चर्चला फेरी मारते. खाली उभं राहून भिंत कुठे संपते हे शोधण्यात वेळ घालवू नका, त्या कंगणीचा माग काढा. चार कमानी, त्यांच्या मधले वक्र त्रिकोण आणि त्यांवर टेकलेला घुमट, हा क्रम आपोआप उलगडतो. वेदीवरचं चित्र पियेर मिन्यारचं आहे, पण खरं सांगायचं तर इथे चित्राकडे नजर टिकत नाही.

नजर घुमटाकडेच जाते. त्याच्या आतल्या बाजूला क्रॉस, षटकोन आणि अष्टकोन असे खोलगट कप्पे एकमेकांत गुंतवले आहेत, आणि वर जाताना ते लहान लहान होत जातात. त्यामुळे घुमट आहे त्यापेक्षा उंच भासतो. खरी करामत उजेडाची. घुमटाच्या तळाशी स्टुकोच्या, म्हणजे चुन्याच्या गिलाव्याच्या, पानांचं कडं आहे आणि खिडक्या त्याच्या आड लपवल्या आहेत. उजेड दिसतो, त्याचा उगम दिसत नाही. घुमट खालच्या भिंतींपासून सुटून तरंगतोय असं वाटतं. वर लँटर्नमध्ये, म्हणजे घुमटाच्या शेंड्यावरच्या खिडक्यांच्या छोट्या मनोऱ्यात, त्रिकोणात पवित्र आत्म्याचं कबूतर. सगळं पांढरं आहे, रंगीत संगमरवराचा थाट नाही. स्टुको म्हणजे शेवटी चुन्याचं काम, महाग दगडापुढे किरकोळ. पण पांढऱ्यावर सावली जितकी स्वच्छ पडते तितकी शिरांच्या दगडावर पडत नाही, आणि इथे आकार वाचायचा तो सावलीवरूनच. साधूंच्या नोंदीत आहे की जर्मन, फ्लेमिश, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, अगदी ‘इंडियन’ लोकसुद्धा या चर्चचे आराखडे मागायला येत. हे सगळं सेंट पीटर्सच्या घुमटाखालच्या एका खांबाएवढ्या जागेत बसतं, असं सांगतात.

तळघरही चुकवू नका. वरचाच आकार, पण बुटका आणि जवळजवळ बिनसजावटीचा. तिथल्या एका कोनाड्यात आपल्याला पुरावं अशी बोर्रोमिनीची इच्छा होती असं मानतात. १६६७मध्ये त्याने स्वतःवर तलवार चालवली. तो पुरला गेला सान जोव्हान्नी देई फियोरेंतिनी चर्चमध्ये, वास्तुकार कार्लो मादेर्नोच्या शेजारी.

दर्शनी भाग तेव्हा अर्धवटच होता. वरचा मजला त्याच्या पुतण्याने, बेर्नार्दोने, पुरा केला. खालची भिंत आत, बाहेर, आत अशी लाटेसारखी वळते. वर तिन्ही गाळे आत वळलेले. दारावर सेंट चार्ल्स (इटालियनमध्ये सान कार्लो) बोर्रोमेओची, म्हणजे ज्याच्या नावाचं हे चर्च त्या संताची, आंतोनियो राज्जीने घडवलेली मूर्ती आहे, आणि तिच्यावरची कमान दोन देवदूतांच्या पंखांची आहे. हे बघायला समोरच्या फुटपाथवर जा आणि दारासमोर न थांबता बाजूला सरका. वळणं तिरक्या नजरेतच कळतात. तोंड वायव्येला असल्यामुळे सकाळी सगळी भिंत सावलीत सपाट दिसते. पण दुपारच्या सुमाराला चर्च बंद असतं, म्हणून आतलं सकाळी आणि बाहेरचं उतरत्या उन्हात, असंच जमवावं लागतं.

बार्बेरिनी मेट्रो स्टेशनावरून चढ चढत आलात की चौक लागतो. तिथून उजवीकडे वळून सान कार्लिनोच्या दर्शनी भागासमोरच्या रस्त्याने पुढे गेलात की सांतांद्रेआ हे चर्च, बोर्रोमिनीच्याच काळातल्या बेर्निनी या वास्तुकाराचं, १६५८मध्ये सुरू झालेलं. तेही लंबगोल, पण आडवं, रंगीत संगमरवर आणि सोन्याने भरलेलं. ते आधी बघा आणि सान कार्लिनो नंतर. उलट क्रमाने गेलात तर सोन्याने दिपलेल्या डोळ्यांना बेर्निनीचा लंबगोलही नीट दिसत नाही, आणि मनात बोर्रोमिनीची तुलना सुरू होते, जी बेर्निनीवर अन्याय करणारी आहे.