तुम्ही विचारलंत म्हणून : 'फँटासिया'त एवढं आहे तरी काय?

मी पियानो शिकवते. विद्यार्थ्यांचे आई-बाबा मला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, 'परीक्षेला कधी बसवायचं?' दुसरा, 'मॅडम, डिस्नेचा तो फँटासिया मुलांना लावून दिला, पहिल्या दहा मिनिटांत सगळी पसार झाली. लोक त्याला एवढं डोक्यावर का घेतात?' पहिल्याचं उत्तर ज्याच्या त्याच्या सरावावर आहे. दुसऱ्याचं इथे लिहिते, कारण दारात चपला घालता घालता ते पुरं होत नाही.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९४० सालचा हा दोन तासांचा ॲनिमेशनपट. गोष्ट अशी नाहीच. बाख, त्चायकोव्स्की, द्युका, स्ट्राविन्स्की, बीथोव्हेन, पोंकिएली, मुसोर्गस्की आणि शूबर्ट यांच्या आठ रचना आणि त्यांवर काढलेली चित्रं. वाद्यवृंदाचा संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की, वाद्यवृंद बहुतांशी फिलाडेल्फियाचा. मधेमधे डीम्स टेलर नावाचे संगीत समीक्षक येऊन पुढे काय आहे ते सांगतात. बस.

याच्याबद्दलची मतं ऐकलीत की वाटतं, माणसं वेगवेगळे सिनेमे बघून आली आहेत. एकाला तो आयुष्यातला सर्वांत सुंदर सिनेमा वाटतो, दुसऱ्याला झोप येते, तिसऱ्याच्या मुलीला रात्री भीती वाटते आणि चौथा, जो घरी रेकॉर्ड्स जमवतो, तो भयंकर चिडलेला असतो. माझ्या मते चौघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण चौघं चार वेगळ्या तुकड्यांबद्दल बोलत असतात.

मुलं पळाली ती बाखपाशी. सुरुवातच त्याच्या डी मायनरमधल्या टोकाटा अँड फ्यूगने होते. आधी वाजवणाऱ्यांच्या सावल्या, मग रेषा, ठिपके, लाटा, ढगांसारखं काहीतरी. कोण कुठे चाललंय, काही पत्ता नाही. मिकी बघायला बसलेल्या सात वर्षांच्या पोराने हे का सोसावं? तुमची मुलं यात एकटी नाहीत. १९४२मध्ये वितरक आरकेओ कंपनीने सिनेमा ८१ मिनिटांवर आणला, तेव्हा बाखलाच कात्री लावली. वेगळं काढून पाहिलंत तर हा तुकडा धीट आहे. ओस्कार फिशिंगर या जर्मन कलाकाराने त्यावर काम केलं होतं. नुसत्या आकारांच्या हालचालीतून संगीत दाखवण्यात त्याचा हातखंडा. पण त्याच्या कामात स्टुडिओने इतके फेरफार केले की तो सोडून गेला. तरी पहिल्या घासाला हे वाढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मिकी? पोस्टरवर तो, खोक्यावर तो, सिनेमात मात्र जेमतेम दहा मिनिटं. खरं तर सगळं सुरू झालं ते त्याच्यापासून. द्युकाच्या 'सॉर्सरर्स ॲप्रेंटिस'वर मिकीचा एक छोटा चित्रपट करायचा, एवढाच बेत होता. खर्च सव्वा लाख डॉलरच्या वर गेला. एवढे पैसे एका लघुपटातून परत येणार नाहीत हे दिसल्यावर त्याच्याभोवती अख्खी मैफल रचली गेली.

हा तुकडा मी क्लासमध्ये थांबवून थांबवून दाखवते. जादूगाराचा शिकाऊ पोरगा झाडूला पाणी भरायला लावतो, थांबवायचं कसं ते त्याला माहीत नसतं, शेवटी तो कुऱ्हाडीने झाडूच्या चिंध्या करतो. शांतता. मग ऑर्केस्ट्राच्या अगदी तळातून, काँट्राबासून या खूप खालच्या सुरांच्या फुंकवाद्यावर, एकेक जड स्वर उमटतो. पडद्यावर एक ढलपी हलते. पुन्हा एक स्वर. तिला हात फुटतात, हातात बादल्या येतात. मग दुसरं वाद्य त्यात येऊन मिसळतं आणि दुसरी ढलपी उठते. मुलांना मी विचारते, आत्ता किती झाडू उठले? ती डोळे मिटूनही सांगतात. चित्र काढणाऱ्यांनी इथे स्वरलिपी वाचली आहे, कोणतं वाद्य कधी येतं हे ऐकलं आहे, आणि त्यानंतर पेन्सिल उचलली आहे.

हीच माझी कसोटी. फँटासियात जिथे चित्रकारांनी कान दिला तिथे तो बावनकशी आहे. जिथे संगीत नुसतं मागे लावून ठेवलं आहे, तिथे चिडणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं.

कान दिल्याचा सर्वांत छोटा नमुना त्चायकोव्स्कीच्या नटक्रॅकरमध्ये आहे. अळिंब्यांचा नाच, मिनिटभराचा असेल. खाली बासून 'पुम-पुम' करत एकाच जागी उड्या मारतात, वर बासरी एकदम उसळते, आणि तंतुवाद्यं छेडून तिला उत्तर देतात. सगळ्यात लहान अळिंबी कायम एक पाऊल मागे. ओळीत घुसायला जाते, ओळ हलते, पुन्हा ती बाहेर. आर्ट बॅबिट या ॲनिमेटरने हे केलं, आणि ती अळिंबी न बोलता, चेहऱ्याच्या नावाखाली दोन रेघा असताना, सगळा सिनेमा खाऊन जाते. (त्या रेघा आणि टोप्या म्हणजे चिनी माणसाची टिंगल आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. मुलांना मी तेही सांगते.)

आता चिडलेल्यांकडे. त्यांचं म्हणणं असं की संगीताला चित्र चिकटवलं की ते कायमचं चिकटतं. एकदा पाणघोड्यांना बॅले करताना पाहिलं की पोंकिएली ऐकताना तेच दिसणार. हे खरं आहे, मलाही तेच दिसतात. पण संगीताचं चित्र काढणं हेच मुळात पाप, हे आपल्याकडच्या माणसाने म्हणावं याचं मला नवल वाटतं. दख्खनच्या दरबारांत सोळाव्या शतकाच्या अखेरीस रागमाला, म्हणजे रागांची चित्रं, रंगवल्या जात होत्या. हिंडोल म्हटला की झोपाळा आलाच. त्याने हिंडोल कुणाचा बिघडला नाही.

बीथोव्हेनच्या बाबतीत मात्र मी चिडणाऱ्यांच्या बाजूने. सहावी सिंफनी, पास्टोरल. बीथोव्हेनने स्वतःच लिहून ठेवलं होतं की हे चित्रणापेक्षा भावनेचं व्यक्त होणं अधिक आहे. डिस्नेच्या मंडळींनी आधी पिएर्ने नावाच्या फ्रेंच संगीतकाराची बॅले-रचना धरून ग्रीक पुराणातले घोडमानव, पंखवाले घोडे वगैरे योजले होते. ते जमेना म्हणून तीच पात्रं उचलून बीथोव्हेनवर आणून ठेवली. स्टोकोव्स्कीला ते रुचलं नव्हतं. सुमारे चाळीस मिनिटांची सिंफनी बावीसच्या आसपास आणली. वादळाचा भाग तेवढा जमलाय, कारण वादळ बीथोव्हेननेच लिहिलंय. बाकी घोडमानवांच्या नटव्या पोरी आणि त्यांचे फुलांचे गजरे कुठल्याही संगीतावर चालले असते.

स्ट्राविन्स्कीही नाराज होता, आणि त्याची नाराजी वजनदार, कारण आठ जणांत जिवंत तो एकटाच होता. त्याच्या 'राइट ऑफ स्प्रिंग' या रचनेचे भाग मागेपुढे केले, काही गाळले. १९६०मध्ये त्याने वादनाची खरडपट्टी काढली आणि दृश्यांवर तर टीका करण्याचीही गरज नाही, अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं. तरीही, त्याचा मान ठेवून, मला तो तुकडा आवडतो. १९१३मध्ये पॅरिसमध्ये ज्या संगीतावरून थिएटरात गोंधळ माजला, ते संगीत डिस्नेने ज्वालामुखी आणि डायनोसॉरच्या रूपाने घरोघरच्या मुलांपर्यंत नेलं आणि एकाही मुलाला ते कर्कश वाटत नाही. लाव्हाचा एकेक बुडबुडा फुटतो तो स्वराच्या ठोक्यावर. मुलांची तक्रार वेगळीच असते. 'टीचर, टी-रेक्सला तीन बोटं दाखवलीयत, दोन पाहिजेत. आणि स्टेगोसॉरस त्याच्या कितीतरी आधीचा, त्यांची मारामारी होणारच नाही.' बरोबर आहे, दोघांत सुमारे आठ कोटी वर्षांचं अंतर. या वयाच्या मुलांशी डायनोसॉरवर वाद घालू नये.

पहिल्याच वर्षी मतं किती टोकाला गेली होती पाहा. काही समीक्षक हरखून गेले, तर डोरोथी थॉम्पसन या नामवंत अमेरिकन पत्रकार बाईंना त्यात नाझी वृत्तीची छाया दिसली. जवळजवळ नर्व्हस ब्रेकडाऊन होण्याच्या अवस्थेत आपण थिएटरबाहेर पडलो, असं त्यांनी लिहिलं. आज हसू येतं, पण १९४०च्या नोव्हेंबरात युरोप जळत होता हे विसरू नये. त्याच युद्धामुळे युरोपची बाजारपेठही बंद होती आणि सिनेमा सडकून आपटला. नफा दिसला तो १९६९च्या पुनःप्रदर्शनानंतर. तेव्हा भडक रंगांची पोस्टर्स लावली गेली आणि हिप्पी पोरं गर्दी करून येऊ लागली. कशासाठी येत होती, ते तुम्ही ओळखा.

रात्री घाबरणारी मुलगी शेवटच्या तुकड्याची. मुसोर्गस्कीच्या 'नाइट ऑन बॉल्ड माउंटन'मधला डोंगराएवढा सैतान बिल टायट्ला या ॲनिमेटरने काढला आहे. तो पंख उलगडतो तो क्षण मोठ्यांनाही झेपत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलांना नकोच. दाखवलात तर मधेच बंद करू नका, कारण पहाटेच्या घंटा वाजल्यावर तो ज्या तऱ्हेने एकेका ठोक्याला अंग चोरतो ते पाहिल्यावरच भीती उतरते.

तर, दाखवायचा कसा? सलग नाही. नटक्रॅकर एका संध्याकाळी, मिकी दुसऱ्या, डायनोसॉर आणि पाणघोडे सुट्टीच्या दिवशी. बाख सर्वांत शेवटी, कान तयार झाल्यावर. वॉल्ट डिस्नेच्याही डोक्यात हा कार्यक्रम दरवेळी काही नवे तुकडे घालून, काही जुने काढून फिरवत राहायचा असंच होतं. पास्टोरलमध्ये मूळ प्रतीत एक काळी, सेवा करणारी घोडमानव मुलगी होती. १९६९पासून ती काढून टाकली आहे, त्यामुळे एखादं दृश्य ओढून मोठं केल्यासारखं वाटलं तर तुमच्या टीव्हीत दोष नाही. आणि टेलरांचा आवाज २०००नंतरच्या प्रतींत दुसऱ्याच कलाकाराने दिलेला आहे, मूळ ध्वनिमुद्रण खराब झालं म्हणून.

फक्त मोबाईलवर दाखवू नका, एवढी विनंती. या सिनेमासाठी फँटासाउंड नावाची यंत्रणा बनवली होती. आवाजाचे तीन ट्रॅक आणि त्यांना आवरायला चौथा, पडद्यामागे आणि प्रेक्षागृहात स्पीकर. ती इतकी महाग होती की मोजक्याच थिएटरांत बसली. तळातला काँट्राबासून मोबाईलमधून येतच नाही. झाडू उठतो आणि का उठला ते कळत नाही. टीव्ही असला तर त्याला बाहेरचे स्पीकर जोडा. वायर नसेल तर क्लासमधून घेऊन जा, पण पुढच्या शनिवारी आठवणीने परत आणा.