आमची वाटचाल : तारखेवर चालणारी रोपवाटिका

2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, त्यात आमचीही गेली. विहिरीत उरलेल्या पाण्यावर एकरभर पीक निघणं शक्य नव्हतं, पण दहा गुंठ्यांतली रोपं जगली असती. म्हणून रोपवाटिका. आणि भोकरदन तालुक्यात रोपं करायची तर मिरचीचीच. पिंपळगाव रेणुकाईला मिरचीचा बाजार भरतो, इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

तोवर घरोघरी गादीवाफ्यावर रोप टाकायची पद्धत. उपटताना मुळ्या तुटायच्या, लावल्यावर रोप मान टाकायचं, मग नांग्या भरत, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी पुन्हा रोपं लावत बसायचं. संकरित बियाण्याचं दहा ग्रॅमचं पाकीट महाग झालं तशी ही उधळण लोकांना परवडेना. ट्रेमध्ये एका कप्प्यात एकच बी पडतं आणि रोप मुळांसकट निघतं, एवढ्यावरच आमचा धंदा उभा राहिला.

काम दिसायला सोपं आहे. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट भिजवून धुवायची; त्यातला खार निघाला नाही तर कोवळ्या पानांच्या कडा करपतात. 104 कप्प्यांचा ट्रे भरायचा, भरलेल्या ट्रेवर दुसरा ठेवून दाबला की प्रत्येक कप्प्यात अर्ध्या सेंटिमीटरची खळी पडते. त्यात बी, वर पुन्हा कोकोपीट. मग ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकखाली झाकायचे. आमच्याकडे हे सगळं बायकाच करतात, आणि झाकण कधी काढायचं हेही त्याच ठरवतात. कोंब दिसू लागले की त्याच दिवशी ट्रे मोकळे केले पाहिजेत. एक दिवस उशीर झाला तरी रोपं दोऱ्यासारखी लांबतात आणि पुढे कोलमडतात.

जाळीवर आम्ही सुरुवातीपासून हात आखडता घेतला नाही. 40 मेशच्या (इंचाला 40 छिद्रांच्या) जाळीतून पांढरी माशी सहसा आत येत नाही, आणि पानं आकसवणाऱ्या बोकड्या रोगाचा विषाणू तिच्यामार्फतच पसरतो. फुलकिडे मात्र बारीक, ते जाळीलाही दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी निळे चिकट सापळे लावतो आणि रोज पानं उलटून बघतो.

खरी अडचण रोप तयार झाल्यावर सुरू होते. कप्प्यात चमचाभर कोकोपीट; पस्तीस-चाळीस दिवसांत मुळं ते गच्च धरतात. तेव्हा रोप ओढलं तर गठ्ठा अख्खा निघतो, मुळं पांढरी दिसतात. आणखी दोन आठवडे तसंच ठेवलं की मुळं गोल फिरतात, तपकिरी होतात, आणि असं रोप रानात गेल्यावर लवकर हलत नाही. इकडे लागवड एप्रिल-मेमधली, त्यात शेतकऱ्याची अडचणही खरी: वाफ्यावरचा मल्चिंगचा कागद अंथरायचा राहतो, मोटर जळते, घरात लग्न निघतं. त्यामुळे बी टाकायच्या आधीच लागवडीची तारीख पक्की करून इसार घ्यायचा, हा नियम केला. तयार रोपं मांडून गिऱ्हाइकाची वाट बघणं आम्ही बंद केलं. पहिल्या हंगामात यावर बरीच तोंडं वाकडी झाली.

उंचीवरूनही वाद व्हायचे. "भाऊ, रोप लय बुटकं दिसतंय," हे वाक्य आम्ही दर उन्हाळ्यात ऐकतो. देण्याआधीच्या आठवड्यात आम्ही पाणी तोडतो, सावलीची जाळी हळूहळू काढतो. रोप बुटकं राहतं, पण काडी जाड होते आणि भोकरदनच्या उन्हात टिकते. पटत नसेल त्याला एक रोप ओढून मुळं दाखवायची. बोलण्यापेक्षा ते लवकर पटतं.

आता सिल्लोडकडचेही शेतकरी येतात, आणि हंगाम नसताना ट्रेमध्ये टोमॅटो, वांगी, कोबी असतो. तरी पैसा मिरचीचाच. इसार देऊन न नेलेली, वय झालेली रोपं आम्ही खताच्या खड्ड्यात टाकतो. "निम्म्या भावात द्या की," म्हणणारे दरवर्षी भेटतात. त्यांना चहा पाजतो, रोपं देत नाही.