आधीचा हात

जुन्या अँप्लिफायरचं झाकण काढायच्या आधी मी त्याचे स्क्रू बघतो. सगळे एकाच घरचे असतील, खाचा शाबूत असतील, तर कारखान्यातून निघाल्यापासून आत बहुधा कोणी डोकावलेलं नाही. एखादा परका असेल, बाकीच्यांपेक्षा जरा लांब, डोकं झिजलेला, तर आपल्याआधी कोणीतरी येऊन गेलंय. एखादा नसेलच, तर येऊन गेलेला घाईत होता.

मला उघडलेले सेट जास्त आवडतात. न उघडलेल्या सेटमध्ये फक्त वय झालेलं असतं. काय काय वाळलं असेल, काय विटलं असेल, याचा अंदाज आधीच बांधता येतो. उघडलेल्यात मात्र एका अनोळखी माणसाशी गाठ पडते. त्याचं सोल्डरिंग, त्याच्या वायरी वळवायच्या सवयी, त्याचा कंजूषपणा, सगळं समोर पसरलेलं. तो कुठल्या काळातला, काय करायचा, काही ठाऊक नसतं. पण त्याचा स्वभाव पाच मिनिटांत कळतो.

एका अँप्लिफायरमध्ये पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, कोणीतरी बदललेला होता. नवा जुन्यापेक्षा अंगाने बारीक, म्हणून पत्र्याच्या पकडीत सैल बसत होता. या माणसाने त्याच्याभोवती जाड कागदाचे वेढे देऊन तो घट्ट बसवला होता, पायांवर इन्सुलेशनची नळी चढवली होती आणि कागदावर पेन्सिलने मायक्रोफॅरड आणि व्होल्टेज लिहून ठेवलं होतं, कारण कपॅसिटरवरची छापील अक्षरं पकडीच्या आड गेली होती. म्हणजे पुढे कोणीतरी हे उघडणार आहे, हे त्याने धरलेलंच होतं. अशा माणसाचं सोल्डर बघावं: प्रत्येक टाका चकचकीत, पायाकडे निमुळता उतरलेला. ते उकरून पुन्हा करायला हात धजत नाही, आणि तशी गरजही नसते.

याच्या उलट टोकाला फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळणारे महाभाग. सेट एकदा चालू झाला की झालं, हा त्यांचा बाणा. फ्यूजचा जन्मच मुळी वितळण्यासाठी असतो. ठरावीक अँपिअरच्या वर करंट गेला की त्याने मरायचं आणि बाकीच्यांना वाचवायचं. चंदेरी कागद काही वेळेवर मरत नाही. मग त्याच्या जागी ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग जळतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या ट्रान्सफॉर्मरला बदली माणूस मिळत नाही.

म्हणूनच कितीही सालस दिसणारा सेट मी थेट प्लगमध्ये लावत नाही. मध्ये एक फिलामेंटचा बल्ब सीरिजमध्ये घालतो, म्हणजे सेटची सगळी वीज त्यातूनच जाते. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सगळं व्होल्टेज स्वतःवर घेतो. सेट निरोगी असेल तर कपॅसिटर भरेपर्यंत क्षणभर उजळतो आणि मग मंदावतो. एवढं सोपं, एवढं स्वस्त आणि एवढं प्रामाणिक निदान दुसरं नाही. एलईडीच्या बल्बचा इथे काही उपयोग नाही, त्यामुळे साठ-शंभर वॅटचे जुने पिवळे बल्ब दिसले की मी ते दागिने जपावेत तसे जपतो. अर्थात हा बल्ब सेटला वाचवतो, आपल्याला नाही. व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या, रेडिओत अडीचशे व्होल्ट आणि त्याहून जास्त खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ते दबा धरून बसलेले असू शकतात. ते रेझिस्टरमधून उतरवायचे आणि उतरले का ते मीटरने बघायचं. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणारे असतात. त्यांच्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला भाजल्याचे खड्डे दिसतात.

मग कान. सेट सुरू होऊन गाणं लागायच्या आधीची शांतता हा माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा भाग. त्यात भुणभुण असेल तर ती कुठल्या सप्तकातली, हे आधी ठरवायचं. वीज पन्नास हर्ट्झची असेल तर रेक्टिफायर, म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेने नेणारा भाग, तिच्या दोन्ही बाजू एकीकडे वळवतो, त्यामुळे पॉवर सप्लायचा कपॅसिटर वाळला असेल तर गुणगुणणं शंभर हर्ट्झचं येतं. अर्थिंगचा घोळ असेल, किंवा एखाद्या वायरीचं शील्ड, म्हणजे वरचं धातूचं आवरण, सुटलेलं असेल, तर प्रामुख्याने पन्नासचं, बरोबर एक सप्तक खाली. नव्या माणसाला दोन्ही सारखेच वाटतात. थोड्या दिवसांनी कान सरावतो आणि मग दुसऱ्यांच्या घरी गेल्यावर त्यांच्या म्युझिक सिस्टिमची भुणभुण ऐकून गप्प बसणं अवघड होऊन बसतं.

या छंदात एक पंथ आहे: जुना सेट हाती आला की सगळे कपॅसिटर सरसकट बदला. मला तो पटत नाही. इलेक्ट्रोलायटिक बदलावेत, मान्य. त्यांच्यात ओलं रसायन असतं आणि ते वर्षानुवर्षं आटत जातं. व्हॉल्व्हच्या सेटमधला, एका व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडवरून (आवाजाचा सिग्नल जिथून निघतो) पुढच्याच्या ग्रिडकडे (जिथे तो शिरतो) जाणारा मेणकागदाचा कपॅसिटर तर न विचारता बदलावा. तो गळायला लागला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं आणि आउटपुट व्हॉल्व्ह बिचारा विनाकारण तापत राहतो. पण प्लॅस्टिक फिल्मचे, सिरॅमिकचे, ज्यांनी कुणाचं काही वाकडं केलेलं नाही, त्यांना कशाला उपटायचं? जुन्या बोर्डावरची तांब्याची पट्टी जास्त वेळ गरम राहिली की पापुद्र्यासारखी उचलली जाते. बरा असलेला भाग बदलताना उचलली गेलेली पट्टी हा आपण विकत घेतलेला आजार.

कॅसेट डेक उघडला की आधीच्या हाताची खरी परीक्षा दिसते. कॅसेट फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात आणली आणि तिचा वेग ठरला सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. त्या कूर्मगतीत जरासाही हेलकावा आला तरी कानाला लगेच बोचतो. तो वेग राखायचं काम एका रबरी पट्ट्याकडे, आणि रबर हे म्हातारपणी फार वाईट वागणारं. काही पट्टे नुसते सैल पडतात. काही वितळून डांबर होतात. ते काळं बोटांना लागलं की साबणाला दाद देत नाही. आयसोप्रॉपिल अल्कोहोल आणि कापसाचे बोळे घेऊन पुलीच्या खाचेतून ते काढत बसायचं, आणि नाकापर्यंत हात न्यायचा नाही, कारण नाक हमखास त्याच वेळी खाजतं. पट्ट्याच्या जागी आधीच्या माणसाने साधं रबर बँड लावलेलंही मी पाहिलंय. त्यावर लावलेला तानपुरासुद्धा गिरक्या घेत होता.

पण अशाच एका डेकमध्ये मला या छंदातला सगळ्यात गोड बिघाड सापडला. हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, टेपला अगदी काटकोनात बसावं म्हणून त्याच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. कारखान्यात तो जुळवून त्यावर रंगाचा एक ठिपका देतात, हलू नये म्हणून. इथे ठिपका तुटलेला होता. तयार रेकॉर्डिंगच्या कॅसेट घातल्या तर सगळ्या दबक्या वाजायच्या, वरचे स्वर गायब. एक घरी भरलेली कॅसेट मात्र डेकबरोबरच आली होती, तीच स्वच्छ वाजत होती. म्हणजे ती कॅसेट हेड वाकडं असलेल्या कुठल्यातरी दुसऱ्याच मशीनवर भरलेली असणार आणि या माणसाने आपलं चांगलं सरळ हेड तिच्यासाठी वाकडं करून घेतलं होतं. बाकी सगळ्या कॅसेट गेल्या तरी चालतील, ही नीट वाजली पाहिजे! मी स्क्रू पुन्हा जागेवर आणला, झांजांची धार परत येईपर्यंत केसाएवढा फिरवत. तांत्रिकदृष्ट्या ते योग्यच होतं. तरीही जुन्या जागेची खूण आधी पेनने करून ठेवली.

टर्नटेबलमध्ये इतकं नाट्य नसतं. तबकडीच्या कडेवरच्या रेघा प्रकाशात स्थिर दिसेपर्यंत वेग जुळवायचा. पन्नास हर्ट्झच्या विजेवरच्या दिव्याखाली मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला बरोबर १८० रेघा लागतात, आणि त्या थबकल्या की उगाचच आनंद होतो. स्पीकरच्या कडेचा फोम पंधरा-वीस वर्षांत भुगा होतो. तो बदलणं म्हणजे डिंक आणि संयम, दुसरं काही नाही.

घरच्यांची एक तक्रार आहे की माझ्यामुळे त्यांना सगळी गाणी फक्त अर्धा मिनिट माहीत आहेत. खरं आहे. डावा चॅनल बघायचा, उजवा बघायचा, व्हॉल्यूमचा नॉब खरखरतोय का ते बघायचं, की गाणं बंद आणि झाकण पुन्हा उघडं.

सध्या टेबलावर एक व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. कॅबिनेटच्या आत सर्किटचा नकाशा चिकटवलेला, आणि त्या नकाशात नसलेली एक लालभडक वायर आत दिमाखात पसरलेली. एका रिव्हेटखालच्या अर्थच्या पट्टीपासून निघून चासीच्या, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसवलेले असतात त्या सांगाड्याच्या, दुसऱ्या टोकाला जाणारी. चासी तर अखंड धातूची. दोन्ही टोकं एकच असताना मध्ये वायर कशाला? कापून टाकावी असंच वाटलं. त्याआधी तिचं एक टोक सोडवलं आणि मीटर लावला. रिव्हेट आणि चासी यांच्यामध्ये शून्याच्या आसपास यायला हवं होतं, तिथे काटा हात लावेल तसा नाचत होता. रिव्हेटखाली गंज धरलेला. स्टेशन लावताना सेट शिट्ट्या मारत असणार त्याचं मूळ हेच, आणि या गृहस्थाने रिव्हेट ड्रिलने उडवून चासीची नासधूस करण्याऐवजी एका वायरीत विषय संपवला होता. टोक पुन्हा सोल्डर केलं. मी असतो तर वायर तेवढी काळी घेतली असती.